"बाबा तयार होत नाहीत," असं मी अकरा महिने सांगत होतो

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. घरची एक गोष्ट सांगायची आहे आणि ती बाबांना विचारून सांगतोय. ते म्हणाले, "सांग, पण माझं नाव घेऊ नको, आणि मागे ते रडकं म्युझिक लावू नको." नाही लावलेलं.

(नेहमीसारखाच हा बोललेला मजकूर आहे. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून थोडा सावरलाय, बाकी तसाच.)

तर २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. दोन वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात आमच्या इकडे, प्रताप नगरात, ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत तपासणी होती. शुगर, बीपी, वजन, आणि एका कोपऱ्यातल्या टेबलावर "स्मरणशक्ती". आईने बाबांना शुगरसाठी नेलं होतं, मी स्कूटर लावून मागून गेलो. शुगरला ही रांग. स्मरणशक्तीच्या टेबलावर कोणीच नाही. बाबा तिथे जाऊन बसले, कारण तिथे पंखा होता. खरंच, एवढंच कारण.

टेबलामागच्या मुलीने विचारलं, "काका, शंभरातून सात वजा करा. मग जे येईल त्यातून परत सात." आता बाबा सरकारी खात्यात अकाउंट्सला होते, तेहतीस वर्षं. आमच्या घरी कॅल्क्युलेटर म्हणजे बाबा. ते ९३ म्हणाले, ८६ म्हणाले, आणि थांबले. मान वळवून आईकडे बघितलं. मग हसले, "पेन्शनर माणसाला काय वजाबाकी शिकवून राहिली गं बाई." सगळे हसले. मीही हसलो. मग तिने घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. गोल सुरेख, आकडे सगळे जागच्या जागी. काटे मात्र एक अकरावर आणि एक दहावर.

ते घड्याळ मी अजून विसरलो नाहीये. तुम्ही आत्ता डोळ्यांसमोर आणा: दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा दोनवर. "दहा" ऐकलं की हात दहाच्या आकड्याकडे जातो. तो थांबवून "दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा" असं भाषांतर करायला मेंदूचा एक वेगळाच भाग राबत असतो. साधी वाटणारी ती चाचणी तेवढ्याचसाठी असते.

त्या मुलीने एका कागदावर लिहिलं, "पुढील तपासणी तज्ज्ञ डॉक्टरांकडून करून घ्यावी." आणि तो कागद बाबांच्या हातात न देता माझ्या हातात दिला. मी घडी घालून लॅपटॉपच्या बॅगेत टाकला, चार्जरच्या कप्प्यात. पुढचे अकरा महिने तो तिथेच होता.

ऑफिसात कोणाशी विषय निघाला की मी म्हणायचो, "दाखवायचं आहे रे, पण बाबा तयार होत नाहीत." दोन मित्रांनी ओळखीच्या डॉक्टरांचे नंबर पाठवले. मी थम्ब्स-अप टाकला. आणि खरं सांगू? मी बाबांना विचारलंच नव्हतं. एकदाही नाही.

मी व्यवसायाने काय करतो तुम्हाला माहीत आहे. रात्री दोन वाजता सर्व्हरचा अलर्ट आला तर उठून बसतो. डिस्क ८५ टक्के भरली, एवढंच तो अलर्ट सांगतो. का भरली ते सांगत नाही. लॉग साचले असतील, कोणी चुकून मोठी फाइल टाकली असेल, किंवा खरंच काही बिघडलं असेल. ते बघावं लागतं. शिबिरातली चाचणी तशीच, तो अलर्ट आहे. "तुम्हाला डिमेन्शिया आहे" असं ती म्हणतच नाही. चष्मा नसेल, ऐकू कमी येत असेल, रात्री झोप झाली नसेल, शाळा कमी झाली असेल, तरी गुण कमी येतात. आपल्याकडे जी 'मिनी मेंटल' चाचणी सर्रास वापरतात ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. ती शाळेत न गेलेल्या माणसाला लागू पडत नाही, म्हणून तिची वेगळी हिंदी आवृत्ती करावी लागली. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये ते काम झालं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पहिल्या चाचणीवरून घाबरण्यात अर्थ नाही. पण तिच्यावरच थांबण्यातही नाही. कामावर असा अलर्ट कोणी अकरा महिने म्यूट केला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

यात आम्ही एकटे नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डॉक्टरकडे येणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांची आधी छोटी चाचणी घेतली, शंका आली त्यांना पुढची पूर्ण तपासणी देऊ केली. जवळजवळ निम्म्यांनी नको म्हटलं. आधीची चाचणी त्यांनी स्वतः होऊन दिली होती बरं का. पहिली पायरी चढायला माणूस तयार असतो, दुसरीवर थांबतो. कारण पहिलीवर "सगळं ठीक आहे" ऐकायला मिळेल ही आशा असते.

आमच्या घरी तर आधीपासून खुणा होत्या. बाबा गोकुळपेठ बाजारात स्कूटरने गेले आणि भाजी घेऊन ऑटोने परत आले. संध्याकाळी "स्कूटर चोरीला गेली" म्हणून आरडाओरडा. स्कूटर बाजाराबाहेर, जिथे लावली तिथेच. हा किस्सा आम्ही पाहुण्यांना जोक म्हणून सांगायचो. एकदा बजाज नगरकडे सरळ यायचं तर शंकर नगर चौकातून वळून थेट झाशी राणी चौकात पोचले. कारण काय दिलं, तर "त्या मेट्रोच्या खांबांनी सगळे चौक सारखेच करून टाकले." आता हे इतकं पटण्यासारखं आहे की मी स्वतः दोनदा चुकलोय तिथे! त्यामुळे सोडून दिलं. विजेचं बिल दोनदा भरलं गेलं, तेव्हा अ‍ॅपला दोष दिला.

आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचंच, "साठी बुद्धी नाठी." ही म्हण म्हणजे आपल्या भाषेतलं सगळ्यात सोयीचं म्यूट बटण आहे. २०२४ च्या जागतिक अल्झायमर अहवालासाठी लोकांना विचारलं होतं, तर सर्वसामान्य लोकांतल्या ८० टक्क्यांना वाटत होतं की डिमेन्शिया म्हणजे म्हातारपणाचाच भाग. बरं, आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांतही ६५ टक्के तेच म्हणत होते. म्हणजे तुम्ही धीर करून दवाखान्यात गेलात तरी "वय झालं आता, चालायचंच" ऐकून परत येऊ शकता. वय वाढलं की नाव पटकन आठवत नाही, चष्मा सापडत नाही, हे होतं. रोजच्या रस्त्यावर चुकणं आणि तेहतीस वर्षं केलेली वजाबाकी अडणं, हे वयाच्या खात्यात टाकून चालत नाही. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आलं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हातारपणी हे सगळ्यांनाच होत असतं, तर हा आकडा शंभराच्या जवळ दिसला असता.

आता आम्ही का टाळत होतो, ते सांगतो. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि कोणीच ते बोललं नव्हतं.

आईचं कारण माझी धाकटी बहीण. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. "मुलीच्या वडिलांना डोक्याचं काहीतरी आहे" हे वाक्य नातेवाइकांत कसं फिरतं, ते आईला पक्कं ठाऊक होतं. आणि नागपूरकरांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या गावात एका चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. ऑटोवाल्याला दुसरं काही सांगितलं तर तोच विचारतो, "पागलखाना ना?" लहानपणी कोणी विचित्र वागलं की आम्ही त्या चौकाचं नाव घेऊन चिडवायचो. त्या गावात साठ-सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला "मेंदूच्या डॉक्टरकडे चला" म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तोच चौक. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट असतात, मानसोपचारतज्ज्ञही असतात, आणि दोघांकडे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी आता घडाघडा बोलतोय. तेव्हा माझ्याही तोंडातून "न्यूरॉलॉजिस्ट" हा शब्द आईसमोर निघाला नव्हता. आनुवंशिकतेचं म्हणाल तर, थेट आई-वडिलांकडून एका जनुकातून उतरणारा अल्झायमर फार दुर्मीळ असतो आणि तो बहुधा कमी वयात सुरू होतो. एरवी जोखीम थोडी वाढते, इतकंच. पण हे लग्नाच्या बैठकीत कोण समजावणार.

माझं कारण बेंगळुरू. तिथल्या कंपनीची ऑफर होती, पगार जवळपास दुप्पट. निदान झालं असतं तर मला जाता आलं नसतं, म्हणजे गेलो असतो तर वाईट मुलगा ठरलो असतो, माझ्याच नजरेत. निदान झालंच नाही तर प्रश्नच नाही. इतकं सरळ गणित होतं. मी ते "बाबांना त्रास नको" या नावाखाली सेव्ह केलं होतं.

आणखी एक कारण मी स्वतःला द्यायचो, आणि ते खरोखर वजनदार आहे म्हणून त्याला बगल देत नाही. उपायच नाही तर कळून काय करायचं? अल्झायमर बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिल, मेमँटिनसारखी औषधं काहींना काही काळ मदत करतात, आजार उलटा फिरवत नाहीत. मग सुखाने राहणाऱ्या माणसाला का सांगायचं? आणि एक लक्षात घ्या, काहीच तक्रार नसलेल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची सरसकट चाचणी करून फायदा होतो, असा पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये हेच म्हटलं होतं. त्यामुळे उद्या आजी-आजोबांना ओळीने बसवून घड्याळं काढायला लावू नका. पण बाबांना तक्रार होती. स्कूटर होती, चौक होता, बिल होतं.

आणि "उपाय नाही" हे वाक्य तपासणीनंतर म्हणायचं असतं. आधी कसं कळणार की ज्याला उपाय नाही तेच आहे? बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी विसरायला होतं, आणि आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांमध्ये ते कमी असणं अगदी नेहमीचं. थायरॉईड मंदावलं, सोडियम घसरलं, नैराश्य आलं, कधी पडून डोक्याला मार लागला आणि आत हळूहळू रक्त साकळलं, तरी वरून चित्र असंच दिसतं. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनीही वय झालेल्या माणसाचं डोकं जड होतं. यातलं बरंचसं दुरुस्त होऊ शकतं, वेळेत सापडलं तर. अकरा महिने मी नेमका तो वेळ खर्च करत होतो.

सगळ्यांचं टाळणं असं नसतं, हेही सांगतो. नागपूरला मेडिकलमध्ये गेलात तर ओपीडीच्या बाहेर गडचिरोलीचे, छिंदवाड्याचे, बालाघाटचे लोक सतरंजी टाकून बसलेले दिसतात. तिकडच्या माणसाला "पुढच्या महिन्यात परत या" म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली, एसटीचे पैसे गेले, रात्र फरशीवर. तो परत आला नाही तर त्याला टाळाटाळ म्हणू नये. माझ्याकडे गाडी होती, रजा होती, मेडिक्लेम होता. माझी टाळाटाळ निखळ होती.

मग विचारलं कसं? योजना वगैरे काही नव्हती. ऑगस्टमध्ये स्कूटरचा इन्शुरन्स भरायचा होता, कागद शोधायला मी डिक्की उघडली. त्यात चिठ्ठ्या. पाठकोऱ्या कागदांच्या, बाबांच्या अकाउंट्सवाल्या अक्षरातल्या. "गाडी बाजाराच्या मागच्या बाजूला." "पेट्रोल आज भरले." "बँकेत गेलो होतो, काम झाले." प्रत्येकीवर तारीख. सगळ्यात जुनी चिठ्ठी शिबिराच्या चार महिने आधीची होती.

मी वर गच्चीवर गेलो, बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. चिठ्ठ्या दाखवल्या. आणि माझ्या बॅगेतला तो कागदही दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मागची बाजूही बघितली. म्हणाले, "हे तेव्हाच का नाही दिलं?"

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"मला समजत नाही का रे? सगळं समजून राहिलं ना मला. तुझं ते बेंगळुरूचं चालू होतं, म्हणून मी बोललो नाही." मग जरा वेळाने, "माझा कागद होता तो. मला द्यायचा."

एवढंच. ओरडले नाहीत. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खरं तर त्यांना भीती कशाची होती, तर सहीची. पागलखाना वगैरे आईच्या डोक्यात होतं. बाबांच्या डोक्यात पेन्शनचं खातं होतं. एकदा कागदावर आजाराचं नाव आलं की माझी सही कोणी मानणार नाही, सगळं काढून घेतील, स्कूटरची किल्लीसुद्धा. अकाउंट्सचा माणूस. यावर मी नंतर वाचलं, ते ऐका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटलंय की नुसतं आजाराचं निदान झालं म्हणून माणूस "अस्वस्थ मनाचा" ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावं लागतं. आणि उलट बाजूही आहे. आपण समजतो की पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली की झालं. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, देणाऱ्याची समजशक्ती गेली की ती पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही संपते. म्हणजे जेव्हा तिची खरी गरज पडते नेमकं तेव्हा ती कामाची राहत नाही, मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. त्यामुळे मृत्युपत्र, नॉमिनी, जॉइंट खातं, हे सगळं माणूस स्वतः नीट समजून सही करू शकतो तोवरच करायचं असतं. टाळण्याने सही वाचत नाही. बाबांना हा मुद्दा माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पटला. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः फाइल काढून नॉमिनी तपासले. एका एफडीवर अजून माझ्या आजीचं नाव होतं, ती जाऊन बारा वर्षं झाली.

तपासणी कशी असते ते थोडक्यात, कारण न कळल्यानेच जास्त भीती वाटते. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणायला सांगितल्या होत्या. त्यात बाबा रोज रात्री घेत असलेली सर्दीची गोळी निघाली, जी त्यांना कोणी लिहून दिलीच नव्हती. रक्ताच्या तपासण्या, एमआरआय, कानाची तपासणी, आणि एका सायकॉलॉजिस्टबरोबर तासाभराहून जास्त मराठीतून प्रश्नोत्तरं. आईला बाहेर बसवलं. आईला राग आला. पण प्रश्न आला की बाबा मान वळवून तिच्याकडे बघायचे आणि ती उत्तर द्यायची, हे त्यांनी पाच मिनिटांत टिपलं होतं. डॉक्टर ही मान वळवणं मुद्दाम बघतात म्हणे. मला शिबिरातली ती मान आठवली.

निकाल: बी-ट्वेल्व्ह खूप कमी. उजव्या कानाने बरंच कमी ऐकू येतं. आणि त्याखेरीज, स्मरणशक्तीत वयाच्या मानाने थोडी घट, जिला 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' म्हणतात. हा डिमेन्शिया नव्हे. यातले काही जण तिथेच राहतात, काही सुधारतात, काही पुढे डिमेन्शियाकडे जातात. कोण कुठे जाईल ते सहा महिन्यांनी परत तपासल्यावरच कळत जातं. इंजेक्शनं सुरू झाली, सर्दीची गोळी बंद, कानाला मशीन. तीन महिन्यांत फरक दिसला. पेपर वाचून आईशी वाद घालणं परत सुरू झालं. चिठ्ठ्या मात्र बंद झाल्या नाहीत.

आणि आता जे सांगतोय ते सांगायला लाज वाटते. सहा महिन्यांनंतरची तारीख मार्चमध्ये होती. मी ती पुढे ढकलली. कारण? रिलीज होतं. रिलीज खरंच होतं, पण अर्ध्या दिवसाची रजा मिळाली असती. बाबा बरे दिसत होते ना. कशाला परत जाऊन काही ऐकायचं! म्हणजे एवढं सगळं होऊनही माझा हात त्याच बटणावर गेला. 'अस्तु' हा सिनेमा मी अजून बघितलेला नाही. डॉ. मोहन आगाशेंनी त्यात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताचं काम केलंय, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा सिनेमा आहे. सगळे म्हणतात बघ. वॉचलिस्टमध्ये आहे. तिथेही तेच.

बेंगळुरूचं विचारू नका, ते अजून ठरलं नाही. ऑफर गेली, दुसरी आली. बाबा म्हणतात जा, आई काही म्हणत नाही. बहिणीचं जमलं. तिने मुलाला दुसऱ्या भेटीतच सगळं सांगून टाकलं होतं, आम्हाला न विचारता. तो म्हणाला, "माझ्या आजीला पण होतं." झालं.

तुमच्यापैकी कोणाच्या बॅगेत असा कागद असेल तर दोन नंबर लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डर लाइन १४५६७, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत. कुठे दाखवायचं इथपासून विचारता येतं.

मार्चची तारीख या मंगळवारी आलीय, सकाळी साडेदहा. या वेळी कागद बाबांकडेच आहे. त्यांनी फ्रिजवर चिठ्ठी लावलीय: "मंगळवार, साडेदहा, मशीन घालून जाणे." खाली माझं नाव लिहून पुढे, "रजा टाकली का?"

टाकलीय.